थपडेआधीचा कान

प्रिय अल्लालभाई,

तुला फ्रान्समध्ये मार्सेलला जाऊन नऊ वर्षं झाली. तुझ्या थपडेनं माझा डावा कान गेला असं सगळे म्हणाले, आणि त्या लाजेनं तू आपलं फेस शहर सोडलंस.

काल माझा एमआरआय झाला. यंत्रात घालण्याआधी नर्सनं विचारलं, "अंगात कुठे धातू?"

"तांबटाच्या अंगात दुसरं काय असणार, पोरी?" अम्मा म्हणाली. मग नर्सनं आधी माझ्या डोळ्यांत तांब्याचा कीस नाही ना, ते तपासून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "हातोडीच्या आवाजानं दोन्ही कान जातात. एकच गेला, म्हणून आत पाहिलं." कानाच्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ आहे. कर्करोग नाही, काढता येईल. थपडेचा काही संबंध नाही.

"अल्लालला आत्ता फोन लाव!" अम्मा रडत म्हणाली.

मी लावला नाही. थपडेच्या वर्षभर आधीच त्या कानाला भांड्याचा नाद कमी ऐकू येत होता. तुला ते सांगितलं नाही. आपलं भांड्यांचं दुकान मला एकट्याला हवं होतं.

हे पत्र पाठवून सुटायचं नाही मला. उद्या फोनवर एवढंच म्हणेन, "ये." आलास की समोर बसून सांगेन. मग हवी तर दुसरी थप्पड मार, उजवा कान तेवढा सोड.

तुझी हातोडी पुसून ठेवली आहे.

बुश्ता