गॅरेजातली रेंज

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

आलो एकदाचे बुऱ्हाणपूरला! जळगावहून निघालेला टेम्पो रावेरच्या पुढे पंक्चर झाला, माझ्या लोणच्याची बरणी गादीवर कलंडली, आणि तरीही मी खूश आहे. लालबागमधलं हे घर फोटोत होतं त्याहून बरं निघालं. तीन खोल्या, हवेशीर स्वयंपाकघर, अंगणात पेरू. मागे, घरापासून तीस-चाळीस पावलांवर, एक वेगळं गॅरेजसुद्धा आहे. आमच्याकडे वाहन म्हणजे एक स्कूटर, पण ह्यांनी लगेच तिथे कोणती कार उभी करायची ते ठरवून टाकलं. बाजारात तुरी, दुसरं काय!

मी परवापासून शाळेत रुजू होणार, गणित शिकवायला. हे पुण्याच्या कंपनीचं काम घरातूनच करतात, दिवसभर फोन आणि मीटिंगा. म्हणून पहिल्याच दिवशी इंटरनेट बसवून घेतलं. राउटर हॉलमध्ये, देवाच्या फळीखाली. सासूबाईंनी फोनवर विचारलं, दिवा लावलास का? म्हटलं, लावला, शेजारी चार हिरवे दिवे आपोआपही लागलेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घरमालक सुरेशभाऊंनी एक गोष्ट सांगितली नव्हती. भिंतीपलीकडे पॉवरलूम आहे. सकाळी आठला जो खटखटाट सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. काल ह्यांच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही मालगाडीत बसून काम करता का. हे हसले, पण रात्री नीट जेवले नाहीत. नोकरी नवी आहे, सहा महिने कच्चीच.

आज दोघांनी गॅरेजात जाऊन दार लावून पाहिलं. काय शांतता! लूम जणू दुसऱ्या गावात. भिंती हातभर जाड, आतून पत्रा मारलेला. सुरेशभाऊ म्हणाले की पूर्वी ही केळी पिकवायची खोली होती. घड रचायचे, धुरी द्यायची, दार लिंपून चार दिवस बंद. मग शीतगृहं आली आणि खोलीचं गॅरेज झालं. वापरा म्हणाले खुशाल, फक्त दार बाहेरून लावताना आतल्या माणसाला नाव घेऊन हाक मारायची आणि तो बाहेरून बोलला तरच कडी घालायची. जुनी रीत आहे म्हणे. मी विचारलं, आणि आतला माणूस नवरा असला तर? ते नुसतेच हसले.

आमच्या घरात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई मानतात. मी एम.एस्सी. झालेली बाई, मानत नाही. पण दोन वर्षांत "अहो" इतकं जिभेवर बसलंय की नाव उखाण्यातच निघतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गॅरेजात रेंज पोहोचवणं म्हणजे दहावीच्या ढ वर्गाला भूमिती शिकवणं. रविवारी रिपीटर आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत लावला. गॅरेजच्या दारापर्यंत रेंज येते, दार लोटलं की मेली. पत्र्यातून जातच नाही. मोबाइलची रेंज तर नाहीच नाही.

शेवटी आज रितेश आला, इंटरनेटवाला. त्याने कुंपणाच्या कडेने पाइपातून वायर नेली आणि भिंतीला भोक पाडून आत राउटरचा दुसरा डबा बसवला. ड्रिल पत्र्याला लागलं तेव्हा असा आवाज झाला की मी कान झाकले. भोकातून गोड, कुबट वास आला, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा. रितेश म्हणाला, "दीदी, अब तो फुल रेंज आहे, भैयांना बोला आरामशीर बसा." हे टेबल-खुर्ची घेऊन बसलेसुद्धा. साहेबांनी आवाजाची तारीफ केली. आज जेवण दुप्पट गेलं!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

भांड्यांना सोजरबाई येतात, साठीच्या, कामाला चोख, बोलायला कंजूस. पूर्वी त्या ह्याच खोलीत केळीचे घड वाहायच्या. आज मी अंगणातून "अहो, चहा" म्हणून हाक मारली तशा एकदम थांबल्या. म्हणाल्या, "ताई, त्या खोलीकडे तोंड करून नुस्तं अहो नका म्हनू. नाव घ्या, नाहीतं चालत जाऊन बोलवा." मी म्हटलं, बरं. आणि चालत जायचा कंटाळा म्हणून ह्यांना वाय-फायवरून फोन लावला. "अहो, चहा झालाय." "हो, आलो." घसा बसल्यासारखा आवाज.

हे पाऊण तासाने आले. चहाचा काढा झालेला. म्हणाले, फोन आलाच नाही. माझ्या फोनमध्ये कॉल आहे, सतरा सेकंदांचा. आमचं छोटंसं भांडणही झालं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज शाळेला सुट्टी होती. हे अकराला शनवारा चौकाकडे बँकेत गेले. मला ते ठाऊक नव्हतं, मी न्हाणीत होते. बाहेर येऊन गॅरेजचं दार बंद पाहिलं आणि सवयीने ओरडले, अहो, भाजी कोणती करू?

आतून "हो" आलं.

मी दार उघडलं. खुर्ची, बंद लॅपटॉप, डब्याचा हिरवा दिवा. कोणी नाही. पाठीमागे फाटकाशी हे स्कूटर लावत होते. लिहायला लाज वाटते, पण मी रडले.

सोजरबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या आणि बोलल्या. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दार लिंपायच्या आधी मुकादम एकेकाचं नाव पुकारायचा, ज्याने त्याने बाहेरून हो म्हणायचं. एके दिवशी मुकादम लग्नाला देडतलाईला गेला आणि काम सोजरबाईंवर सोपवून गेला. त्यांनी सगळ्यांची नावं पुकारली. त्यांच्या नवऱ्याचं मात्र नाव कसं घेणार? "अहो, आले ना भाईर?" एवढंच म्हणाल्या. मागून "हो" आलं. दुसराच एक मजूर डबा घेऊन आलेल्या आपल्या बायकोला हो म्हणत होता. सोजरबाईंनी दार लावलं, स्वतःच्या हाताने फटी लिंपल्या. नवरा घरी आला नाही तेव्हा वाटलं गावी गेला असेल, जायचा तसा. चौथ्या दिवशी खोली उघडली. पत्र्यावर नखं होती.

मी नाव विचारलं. त्यांनी पदर सारून मनगटावरचं गोंदण दाखवलं. चुडामण. आजवर कधी तोंडाने घेतलं नाही म्हणाल्या.

ह्यांना सांगितलं की तिथे बसू नका. हे म्हणाले, मग कुठे बसू, लूममध्ये? महिनाअखेरपर्यंत थांब, दुसरं घर बघू. मी हो म्हटलं. का म्हटलं?

बुधवार, १९ नोव्हेंबर

क्रमाने लिहिते.

दोनला शाळेतून आले. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं, ह्यांच्या चपला बाहेर पायरीवर. समोर कुत्र्याची पिल्लं आत शिरायला टपलेली, काल वायर चावली होती त्यांनी. मला वाटलं हे अनवाणीच जेवायला घरात गेले. तरी विचारलं. देवाशपथ विचारलं. म्हटलं, अहो, बाहेर आलात ना?

"हो." मागून, स्वयंपाकघराच्या बाजूने. स्वच्छ.

मी कडी घातली.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मी धावत परत गेले, दोन मिनिटं झाली असतील फार तर. दार उघडलं. लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. साहेब विचारत होते, ललित, आवाज येतोय का? ललित? खुर्ची रिकामी. चष्मा टेबलावर.

पोलीस म्हणाले, भांडण झालं होतं का? जाऊन येतील.

राउटरच्या ॲपमध्ये गॅरेजच्या डब्याला एक फोन जोडलेला दिसतो. "ललितचा फोन". रेंज पूर्ण. मी गॅरेजात उभी राहून लावला. आत कुठेच वाजला नाही. पण त्यांनी उचलला.

अंधार आहे म्हणाले. धूर आहे. हाताला घड लागतात, वरपर्यंत रचलेले. दार सापडत नाही. चार्जिंग एकसष्ट टक्के.

गुरुवार, २० नोव्हेंबर

झोपले नाही. राउटरपाशी बसून आहे. इन्व्हर्टर भाड्याने आणला, लाइट जाऊन-येऊन असते इथे. हा एवढा धागा आहे माझ्याकडे, ही रेंज.

एक समजलं. फोनवर मी नाव घेतलं, ललित, तर त्यांना समोर उजेडाची फट दिसते. थांबले की मिटते. दारापाशी उभं राहून ओरडले तर काहीच ऐकू जात नाही. फक्त फोनमधून. म्हणून मी ललित ललित म्हणते आहे. सासूबाई, माफ करा.

पण फटीजवळ जाताच पुढे कोणीतरी उभं राहतं म्हणाले. तो आधी हो म्हणतो. वाट अडवतो. त्याला कोणी बोलावलं नाही, म्हणून तो दुसऱ्यालाही जाऊ देत नाही.

चौतीस टक्के. तासातून एकदाच बोलायचं ठरवलंय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सोजरबाईंचे पाय धरले. म्हटलं, आत तुमचाच माणूस अडलाय, एकदा नाव घ्या त्यांचं. त्यांना जाऊ द्या, म्हणजे माझा माणूस सुटेल. त्या मान हलवत राहिल्या. "मी कसं घेऊ, ताई. माह्यानं नाही होत." मी ओरडले, नको नको ते बोलले. म्हटलं, तेव्हा घेतलं असतं तर आज ही वेळ आली नसती. असं बोलायला नको होतं.

बारा वाजता त्या आपणहून आल्या. मी ललितला लावलेला फोन दोन्ही हातांत धरला, तोंडाशी नेला, डोळे मिटले. "चुडामण," म्हणाल्या. मग आणखी एकदा, मोठ्याने. "चुडामण, भाईर या."

गॅरेजचं दार आतून उघडलं.

ललित! माझा ललित! काजळी माखलेला, अनवाणी, उजेडाने डोळे बारीक करत. मी मिठी मारली. तिथेच बसून रडले. परत आले! परत आले!

संध्याकाळ. गाढ झोपलेत. फोन आतच राहिला म्हणतात. राहू दे, नवा घेऊ. अंगाला वास येतोय, दोनदा आंघोळ घालूनही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी चहा ठेवला आणि मुद्दाम हाक मारली. ललित. मागे वळले नाहीत. पुन्हा मारली. नाहीत.

अहो म्हटलं. हो म्हणाले, लगेच.

भाकरी कुस्करून डाव्या हाताने कांदा फोडला. ललितला कच्चा कांदा चालत नाही.

दहाला सोजरबाई आल्या. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "सोजर, पानी दे." त्यांच्या हातातलं भांडं पडलं. मग त्या हसल्या. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पाणी दिलं, शेजारी बसल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या ललितच्या डोक्यावरून.

मी म्हटलं, सोजरबाई, हे— त्या म्हणाल्या, "ताई, मले माहीत आहे."

साडेदहा

फोन वाजला. "ललित".

सहा टक्के. आवाज नुसती हवा. रंजू, तू नाव घ्यायचं का थांबवलंस, म्हणाले. रात्रभर वाट पाहिली. का थांबवलंस?

मी झोपले होते. त्या दुसऱ्याच्या शेजारी. देवा.

अकराला दहा कमी

राउटरखाली बसले आहे, पाठ भिंतीला. फोन स्पीकरवर. म्हणतेय आणि लिहितेय, पोरांना शंभर वेळा लिहायला लावते तसं, म्हणजे मध्ये थांबायला होणार नाही. ललित. ललित. ललित. आता पुढे कोणी उभं नाही म्हणाले. फट वीतभर झाली. ललित. ललित.

चार टक्के

तो दारात उभा आहे. हा डबा बंद कर म्हणतो, डोकं दुखतं. मी नाही म्हटलं. सोजरबाईंना विनवलं की तुमच्या माणसाला थांबवा, माझाही माणूस आत आहे, तुम्हाला ठाऊक आहे आत काय असतं. त्या रडताहेत. "तुमचे आले तं ह्यांना जावं लागंल, ताई. मी दुसऱ्यांदा नाही दार लावनार."

ललित. ललित. ललित.

खिडकीतून दिसतंय— गॅरेजचं दार— हललं. बोटं. चार बोटं बाहेर आलीत, अंगठी मी दिलेलीच— ललित या, अजून थोडं— ललित—

दोन

इन्व्हर्टरची वायर त्याने ओढली. लाइट आहे अजून. राउटर चालू आहे. ललित. हात बाहेर आला, कोपरापर्यंत. ललित. ललित.

सोजरबाई मीटरच्या पेटीकडे— नका, पाया पडते— ललित लवकर— खांदा दिसतोय— ललित, ललित, लल