दुसऱ्यांच्या लेकींचा विषय

२७ सप्टेंबर १९९३, नांदेड
सकाळच्या एसटीने लातूरहून आले. अहमदपूरपर्यंत उभीच. कॉलेजात पाय ठेवते न ठेवते तोच प्राचार्यांचं बोलावणं. बी.ए. प्रथमला राज्यशास्त्र घेतलेली मुलं यंदा आणखी घटली. "मॅडम, तास भरले नाहीत तर तुम्ही अतिरिक्त ठरणार. मग सरकार कुठं पाठवील ते मला विचारू नका." जसं काही मीच पोरांना हाकलून लावते. पोरं आपल्या पायांनी सायन्सला जातात, त्यातली हुशार लातूरला जातात, आणि तिथं त्यांना गणित शिकवतो तो माझा नवरा. तक्रार तरी कुणाकडे करू.

स्टाफरूममध्ये मराठीचे देशपांडे सर : "काय युनोबाई, आज कुठलं युद्ध थांबवलं?" रोज तोच विनोद. रोज हसते.

प्रबंधाचं चौथं प्रकरण टायपिस्टकडे दिलं. दोन शेजारी देशांत गोळीबार थांबतो, तंटा तसाच राहतो, तरी युद्धबंदी वर्षानुवर्षं टिकते, ती कशी? लोक विचारतात, नांदेडात बसून हे कशाला? मला आवडतं म्हणून. हे उत्तर कुणाला पुरत नाही.

२ ऑक्टोबर, लातूर
लिहवत नाही. तरी.
परवा पहाटे नांदेडच्या खोलीत मांडणीवरची भांडी वाजली. उजाडल्यावर कळलं, लातूरकडे भूकंप. फोन लागेना. मिळेल त्या गाडीने आले. लेक स्वाती ठीक. हे ठीक. घराला भेगा. पण औशाच्या पलीकडचं आक्कांचं गाव उरलं नाही. आक्का, यांची थोरली बहीण, गेल्या.

बातमी कळताच हे निघाले होते. हातांनी दगड उपसले. आक्का सापडल्या तेव्हा जिवंत होत्या. पाणी मागितलं, यांना नावाने हाक मारली. डॉक्टर नाही, गाडी नाही, रस्ताभर माणसंच माणसं. यांच्या मांडीवर गेल्या. एवढं एकदाच सांगितलं, पुन्हा विषय नाही. नखं तुटलीत. मलम लावायला गेले तर हात मागे घेतला.

१९ ऑक्टोबर, लातूर
अजून सगळी गल्ली मैदानातच झोपते. जमीन जरा हलली की बाया आधी मुलं उचलतात, मग ओरडतात. कॉलेज बंद. दुसरं काही सुचेना म्हणून प्रबंध तपासायला घेतला. टाइप केलेल्या प्रतीवर माझा डोळा, मूळ प्रत स्वाती मोठ्याने वाचते. दहावीची पोर, हिला काय कळणार, नुसतं वाचील, म्हणून बसवली.

आज मध्येच थांबली. "आई, ह्यांचं भांडण तर मिटलंच नाही. मग गोळ्या का घालत नाहीत?"
"तेच तर शोधून राहिले."
"मग सापडलं?"
"थोडं."
"इतकी वर्षं करून थोडंच?"
शेजारच्या काकू हसल्या. स्वाती नाही हसली. पुढचं पान न वाचता विचार करत बसली. असा प्रश्न माझ्या वर्गात आजवर कुणी केला नाही. मला इतकं बरं वाटलं की वाटल्याचीच लाज वाटली. दिवस कसले, आणि मी खूश होते.

यांचे क्लास ताडपत्रीखाली सुरू झाले. वाटलं होतं, घाबरून गावी गेलेली पोरं आता कुठली परत येतात. उलट नवी येतायत, पार धर्माबादहून. आईबाप पत्र्याच्या ट्रंका उतरवतात आणि विचारतात, सरांचा क्लास कुठला? भेगा पडलेल्या घरांतल्या खोल्यासुद्धा लागल्या भाड्याने जायला.

१४ डिसेंबर, लातूर
प्रबंध सादर झाला. हे स्वतः जाऊन पेढे घेऊन आले. पेढा हातावर ठेवून म्हणाले, "झालं ना तुझं? आता पोरीच्या दहावीकडं बघ. तिला डॉक्टर करायचं."
करायचं. विचारायचं नाही. पण ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या आक्कांच्या फोटोकडे बघत होते. पेढा खाल्ला.

९ मे १९९४, लातूर
पीएच.डी.ची व्हायवा झाली. विद्यापीठात स्वातीला सोबत नेलं होतं. सुटीच आहे, मागच्या बाकावर बसली.

बाहेरचे परीक्षक गोड बोलणारे. पहिलाच प्रश्न : "बाई, तुमच्या भागात सीमा नाही, सैन्य नाही. हा विषय परका नाही का वाटला?" म्हटलं, "सर, भांडण न मिटवता शेजारी राहणं आमच्याकडे अजिबात परकं नाही." सगळे हसले, आणि मग खरे प्रश्न सुरू झाले. कुठं टिकते, कुठं मोडते, कुणाला टिकवायची असते. मी बोलत राहिले. घसा सुकला तरी पाणी प्यायचं सुचलं नाही. युनोबाई नाही, अतिरिक्त नाही, सरांची बायको नाही. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं. (हे पान कुणी वाचू नये.)

परतीच्या एसटीत स्वाती म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय."
"हे म्हणजे?"
"आज तू तिथं उभी राहून बोलत होतीस ते."
खोटं कशाला लिहू, डोळे भरले. पण यांना काय सांगायचं? म्हटलं, "निकाल तर लागू दे." ती खिडकीशी डोकं टेकून झोपली का नुसते डोळे मिटले, कळलं नाही.

१३ जून, लातूर
निकाल. लातूरचं कुठलंही सायन्स कॉलेज दार उघडून उभं राहील असे मार्क. सकाळपासून क्लासची पोरं पाया पडायला, पेढे खायला. हे आज हसले. भूकंपानंतर पहिल्यांदा असे, मान मागे टाकून.

त्या हसण्यातच स्वाती म्हणाली, "बाबा, मी आर्ट्स घेणार. आईचा विषय."
यांनी पेढ्यांचा पुडा बांधला. सावकाश, सुतळीला गाठ मारून. मग म्हणाले, "आक्का पार दुपारपर्यंत बोलत होती. गावात एक डॉक्टर असता तर वाचली असती." आणि आत गेले.
स्वाती माझ्याकडे बघून राहिली. मी म्हटलं, "आधी सायन्स कर. पुढचं पुढं बघू."
मीच म्हटलं. कुणी म्हणायला लावलं नाही.

१७ जून, नांदेड
प्राचार्यांचं फर्मान : बारावी झालेली पोरं गोळा करा. दरवर्षीचंच. ज्याच्या विषयाला पोरं कमी त्याने गावोगाव फिरायचं. देशपांडे सरांच्या स्कूटरवर मागे बसून लोहा ओलांडलं, अहमदपूरच्या अलीकडची खेडी धरली. पदर एका हातात, माहितीपत्रकं दुसऱ्या.

शेवटचं घर केशवरावांचं. मुलगी शोभा, बारावीला गावात पहिली. केशवराव बाजेवर, शोभा दाराआड. मी नेहमीचं सुरू केलं. स्पर्धा परीक्षा, नोकरी. शोभाचं लक्ष नाही. मग का कोण जाणे, प्रबंधातलं सांगायला लागले, त्या दोन देशांचं. शोभा दाराबाहेर आली. मला चेव चढला. हातवारे करून सांगितलं.
केशवराव शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "सगळं ब्येस हाय बाई. तुमाला लेकरं किती?"
"एकच. मुलगी. आत्ताच दहावी झाली."
"मंग ती बी ह्येच शिकनार आसंल."
देशपांडे सरांनी चहाच्या कपात तोंड घातलं. मी म्हटलं, "नाही. ती सायन्सला. लातूरला."
केशवराव असे हसले की बाज करकरली. "आन् आमची तेवढी गावली व्हय तुमाला?"
रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मलाही काही बोलता आलं असतं. शोभा कप गोळा करून आत गेली. वाटेत देशपांडे सर एकदाही युनोबाई म्हणाले नाहीत.

२१ जून, नांदेड
शोभा आली. वडिलांबरोबर, कपड्यांची पिशवी घेऊनच. आधी वाटलं, केशवराव आणखी काही ऐकवायला आलेत. म्हणाले, "पोरगी ऐकंना झाली. म्हनती, शिकंन तर त्या बाईच्याच हाताखाली. आता तुमच्या भरवशावर सोडून चाललो."
तुमच्या भरवशावर. मान हलवली. दुसरं काय करणार होते?

शोभाला विचारलं, का गं, वडील तर नाही म्हणत होते. "मॅडम, त्या दोन देशांचं अर्धंच सांगितलं तुमी. फुडचं ऐकायचं राहिलंय." प्राचार्य खूश, शोभा धरून पोरं पुरली, माझे तास भरले. स्टाफरूममध्ये चहा मीच पाजला. नोकरी वाचली आणि मला धड हसता आलं नाही.

२३ जून, लातूर
चूक केली. जेवताना केशवरावांची गोष्ट विनोद म्हणून सांगितली. यांनाही हसू आलं. स्वातीने घास खाली ठेवला.
"मग शोभाला काय सांगितलंस? विषय चांगला आहे म्हणून?"
"हो."
"खरं सांगितलंस का पोरं पाहिजेत म्हणून?"
"खरं."
"मग मला एवढंच म्हण, की माझा विषय चांगला नाही, तू घेऊ नको. मी उठून सायन्सला जाते. रडणारसुद्धा नाही."
"तसं नाही गं."
"मग कसं आहे?"

यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता आक्कांचं काढतील, मी सुटेन. हे म्हणाले, "मी जबरदस्ती करून राहिलो का? माझं मन तुम्हा दोघींना ठाऊक आहे. ते काही बदलायचं नाही. पण त्या विषयातलं मला काय कळतं? तू त्यात जन्म काढला. तू सांग तिला. तू म्हणशील ते." हात धुवायला उठले. दारात थांबले. "पण खरं सांग."
प्रवेशाला दोन दिवस आहेत.

२४ जून, लातूर
दिवसभर भांडी घासते, फरशी पुसते. बाई आली होती, तिला परत पाठवलं.

नको म्हणायला कारणं ढीगभर. तात्पुरत्या नेमणुका, दर जूनला धाकधूक, स्कूटरवरून दारोदार. पोरं गोळा करताना स्वतःला विकायला काढल्यासारखं होतं. स्वातीने यातून जावं? माझ्या पोरीने?
आणि यांचंही खोटं नाही. यांच्या मांडीवर माणूस गेलं. युद्धबंदीवरच्या प्रबंधाचा तिथं काय उपयोग होता? मी तिथं असते तर मीही दगडच उपसले असते.
पण मला दुसरं काही व्हायचं नव्हतं. आजही नाही. हे मी कुणापाशी बोलले नाही. बोलले तर स्वाती आर्ट्सला जाणार, आणि उद्या तिचे हाल झाले की हे मला एक शब्द बोलणार नाहीत. नुसतं फोटोकडे बघतील. त्याचीच जास्त भीती वाटते.
आणि नाही बोलले, तर सोमवारी शोभासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू.

संध्याकाळी स्वातीच्या केसांना तेल लावून दिलं. नेहमीपेक्षा जास्तच वेळ लावत बसले.

२५ जून, लातूर. सकाळ
यांनी आज क्लास बंद ठेवला. भूकंपाच्या त्या आठवड्यानंतर एकदाही ठेवला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घातलाय. म्हणाले, मीही येतो.
स्वाती कोपऱ्यावरून रिक्षा घेऊन आली. बसायच्या आधी मला म्हणाली, "कुठल्या कॉलेजला ते तूच सांग रिक्षावाल्यांना."
रिक्षावाल्याचा धाकटा भाऊ यांच्याच क्लासचा. "सर, सायन्सलाच ना?" त्याने किक मारली. हे समोर बघत राहिले, पण कान माझ्याकडे. स्वाती आत सरकून बसली, मला जागा केली.
मी म्हटलं, थांबा, चष्मा विसरले. आणि आत येऊन वही उघडलीय.
चष्मा डोळ्यांवरच आहे. बाहेर रिक्षा चालूच आहे, बंद केलेली नाही. स्वातीने हाक मारली, "आई". पहिली साधी. ही दुसरी तशी नाही.