माले येथील भोंगा पडद्यावर हिरवा दिसत असल्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
नदीकाठ इशारा कक्ष, पौड,
ता. मुळशी, जि. पुणे

विषय : मालेचा भोंगा वाजणार नसल्याने उद्याचे पाणी सोडणे थांबवणेबाबत.
संदर्भ : माझा याच विषयावरील आधीचा अर्ज व त्यावरील आपला शेरा, ‘चालते आहे, हात लावू नये’.

महोदय,

मी आपल्या कक्षात कंत्राटी डेटाबेस ऑपरेटर असून माले येथे राहते. धरणातून पाणी सोडण्यापूर्वी आपला मुख्य सर्व्हर प्रत्येक गावच्या भोंग्याजवळील छोट्या सर्व्हरला ओळख विचारतो. हे काम करणारे फंक्शन बनवणाऱ्यांनीच कालबाह्य ठरवले आहे. दोष असा, की दूरच्या सर्व्हरचे उत्तर आले नाही तर ते मुकाट्याने आपल्याच सर्व्हरची ओळख पुढे करते. मग भोंग्याचा आदेश इथल्या इथे फिरतो, पडद्यावर गाव हिरवे, म्हणजे ‘भोंगा वाजला’ असे, दिसते आणि आपण चहा मागवता.

गेल्या चाचणीत माले हिरवे होते. माझी आई रोशनबी तेव्हा नदीच्या पात्रात शेळ्या चारत होती. तिला काहीही ऐकू आले नाही. आपण भोंग्याचे राखणदार कोंडाजींना फोन करून खात्री केलीत, हे मान्य. पण आपण विचारलेत, ‘वाजला ना?’ आमच्याकडे साहेबाला नाही म्हणत नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते म्हणाले, ‘‘साहेब इचारत्यात म्हनून व्हय म्हनलो. रस्तावाल्यांनी भोंग्याचा खांब पाडला तवाच यंत्र काढून घरात ठेवलंय. चोरीला जाया नगं.’’

आईला उद्या पात्रात उतरू नको म्हणून सांगितले. ती म्हणते, ‘‘भोंगा झाला की येते वर. सरकारनं त्यो कशाला बसिवलाय?’’ चाचणीत ऐकू आले नाही त्याचा दोष ती स्वतःच्या कानांना देते. सगळे गाव याच भरवशावर आहे आणि मला भीती वाटते.

तरी मालेत गाडी फिरवून प्रत्यक्ष दवंडी दिल्याशिवाय दरवाजे उघडू नयेत. आपण जेवायला गेला असल्यास हा अर्ज टेबलावर ठेवून मी मालेला निघेन. तिथे कुणीतरी ओरडायला हवे.

उत्तराच्या नव्हे, गाडीच्या प्रतीक्षेत,
अलमास तारिक शेख
रा. माले
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. चाचणीच्या वेळच्या पडद्याचे छायाचित्र.
२. कोंडाजींचा जबाब, अंगठ्यासह.
३. मालेचे यंत्र, गोणीत. आपल्या टेबलाखाली ठेवले आहे. पडद्यावर माले आत्ताही हिरवेच आहे.