त्या सकाळी पाकिस्तानची पाळी होती

गुरुजी, तुम्हाला जाऊन बराच काळ लोटला, तरी सकाळी हात जोडले की आधी तुमचाच आवाज येतो. सावनेरकडच्या आमच्या शाळेत पृथ्वीचा गोल नव्हता, म्हणून तुम्ही उपड्या मडक्यावर खडूने देश काढले होते. "गुरुजी, आपलं गाव कुठं हाय?" मी विचारलं. "ते माशी बसली नं, तिच्या पायाखाली," तुम्ही म्हणालात. रोज प्रार्थनेनंतर एका देशाची पाळी असायची. तिथली मुलं काय खातात, काय खेळतात ते तुम्ही सांगायचात आणि मग आम्ही डोळे मिटून त्यांचं भलं मागायचो. बाहेरचं जग आम्हाला असं देवाच्या वाटेनेच भेटलं.

मग युद्ध सुरू झालं आणि नेमकी पाकिस्तानची पाळी आली. सरपंच शाळेच्या ओट्यावर येऊन उभे आहेत. त्यांचा पुतण्या सीमेवर आहे. "मास्तर, आज ते नाव घ्याल तं बदली करून टाकीन. आमचं पोरगं तिकडं लढून राहिलं, अन् तुम्ही काहून त्यायच्यासाठी हात जोडता?"

"तुमच्या पोरासाठी तं रोजच जोडतो, भाऊ. पण तिथले लेकरं कुठं लढून राहिले?"

तुम्ही आवाज चढवला नाही. नाव मात्र घेतलंतच, घरी तुमची आई अंथरुणाला खिळलेली आणि बदली झाली तर तिचेच हाल होणार, हे ठाऊक असूनही. बदली झालीच. बैलगाडीत गादी टाकून, आईला निजवून तुम्ही गाव सोडलंत.

पुढे नागपुरात तुम्ही नव्या शिक्षकांना हेच शिकवत राहिलात. आपण शेवटचे भेटलो ते धंतोलीच्या दवाखान्यात. शेजारच्या खाटेवर छत्तीसगडचा एक म्हातारा होता. "त्याच्या गावचं गाणं शिकून राहिलो गा. बेसूर होते, पण त्याले आवडते." त्या सकाळचा पस्तावा होतो का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "आईले त्रास झाला. तेवढाच होते."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलाची नेमणूक सीमेवर झाली. देवापुढे दिवा लावून मी अजून रोज एका देशाचं नाव घेतो. काल ते नाव आलं. हात जोडलेलेच होते, पण तोंड उघडेना. बायकोने विचारलं, "काहून थांबले?" मी म्हणालो, "खोकला आला."

खोकला आला नव्हता, गुरुजी.