पाण्यातला ‘भ’

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही, म्हणजे खोटं लिहायचं कारण नाही.

काम मिळालं! मोठ्या थिएटरात पाण्याचा पडदा. स्टेजच्या डोक्यावर आडवा पाइप, त्याला ओळीने बारीक झडपा. कॉम्प्युटर त्या उघडणार, मिटणार, आणि थेंब खाली पडता पडता हवेत अक्षरं उमटणार. आजवर हॉटेलांच्या लॉबीत कारंजी केली. ती सगळी याची तालीम होती, हे आता कळतंय.

कार्यक्रम नाचाचा. नाव ‘भरती’, समुद्राची. नाचणारी आमची ही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच स्टेजवर. तिची एंट्री आणि डोक्यावर पाण्यात लिहिलेलं नाव, एकदम. हिला माझ्याकडून एवढंच हवंय की जमीन कोरडी राहावी. अनवाणी नाचायचंय, मागे गुडघा गेला तोही ओल्या स्टेजवर घसरूनच. म्हटलं, तू नाचाकडे बघ, पाणी माझ्यावर सोड. बोलल्यावर लक्षात आलं की शब्द चुकले. हीसुद्धा हसली नाही.

मेहुण्याचा फोन. कसली भरती, पोलीस की बँक? असल्या विनोदांना मी उत्तर देत नाही.

७ नोव्हेंबर
पहिली चाचणी. जवळजवळ यशस्वी. शब्द उलटा पडला, वेलांटी पायात. दोष पाण्याचा नाही, सवयीचा. जे आधी सोडाल ते आधी खाली जातं, म्हणून अक्षराचे पाय आधी सोडायचे, डोकं मागून. शाळेत बाई सांगायच्याच की, अक्षर आधी, रेघ शेवटी. प्लंबर मान वाकडी करून बराच वेळ वाचत होता. म्हणाला, साहेब, आपल्याला लिहिता-वाचता येतं ना, अशी मला शंका यायला लागली. त्याला चहाला पाठवलं.

उद्या सरळ होईल.

११ नोव्हेंबर
सरळ झालं. ‘र’ उत्तम. ‘ती’ तर दृष्ट लागण्यासारखी.

प्रश्न फक्त भ चा. भ च्या डोक्यावरची रेघ मध्येच तुटते, तिथे एक छोटीशी फट असते. हवेतून पडताना थेंब एकमेकांना बिलगतात आणि फट बुजते. फट बुजली की भ चा म.

दिग्दर्शिकाबाई, वादक, सगळे बघत असताना स्टेजवर पडलं, ‘मरती’. आणि बरोबर खाली ही, हात वर करून उभी.

बाई पाठ फिरवून हसल्या. मला खांदे दिसतात. ही मात्र म्हणाली, अक्षर काय पडायचं ते पडू दे, पण पाणी झेलायला मागे कुंड ठेवलंय, त्यातच पडू दे. माझ्या पायापर्यंत येतंय. म्हटलं, ते पाणी नाही, तुषार आहेत. तुषारांवरून कुणी घसरत नाही.

१३ नोव्हेंबर
चैन नाही. जेवताना उठलो, बेसिनचा नळ बारीक सोडला आणि थेंब कुठे जोडला जातो ते बघत उभा राहिलो. मग बाथरूमचा. मग बाल्कनीतला. हिने विचारलं, पाणी जाणार आहे का उद्या? म्हटलं, संशोधन. म्हणाली, जरा बस ना. बसलो. उठलो. गुडघा शेकायला पिशवी भरून मागितली होती. भरली, चांगली गरम. भरताना पाण्याची धार कशी वळते ते बघत राहिलो. बऱ्याच वेळाने पिशवी माझ्याच हातात सापडली, थंड.

उद्यापासून घरात काम आणायचं नाही.

१६ नोव्हेंबर
फट रुंद केली तर भ ची मधली आडवी रेघच गळून गेली. मेहुणा तालीम बघायला आला होता. मोठ्याने वाचलं, ‘गरती’. म्हणाला, गरती म्हणजे घरंदाज बाई, मरतीपेक्षा बरं, निदान घराण्याची अब्रू राहिली. सगळे हसले, प्लंबर जरा जास्तच.

खरं कारण मला सापडलंय. डोक्यावरची रेघ! तिच्यासाठी सगळ्या झडपा एकाच वेळी उघडतात, प्रेशर बसतं, आणि रेघ रेघेसारखी न पडता ओल्या चादरीसारखी पडते. धप्प. पाणी उडतं ते त्यामुळेच. इंग्रजी अक्षरांना डोक्यावर काही नसतं, त्यामुळे मशीन बनवणाऱ्यांना हे दुःखच माहीत नाही. बाई म्हणाल्या, मग इंग्रजीत टाका. मी स्पष्ट नाही म्हटलं. भाषेसाठी कुणीतरी उभं राहायला हवं.

उपाय: मोठा पंप.

२० नोव्हेंबर
झालं! भ म्हणजे भ. रेघ अशी की पट्टी लावून ओढावी. मी वर, पाइपाशेजारच्या अरुंद गॅलरीत होतो. एकट्यानेच टाळी वाजवली.

खाली ही घसरली. पडली नाही. बाजूचा पडदा धरला आणि मग गुडघ्यावर हात ठेवून तिथेच बसून राहिली. मी वरून ओरडून विचारलं, भ दिसला का? घाईत माणूस काहीही विचारतो. तिने वर बघितलं नाही.

घरी आल्यावर ही आधी खुर्चीत टेकली. मग म्हणाली, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुला माहीत आहे. या वेळी गुडघा गेला तर पुन्हा नाचणं नाही. तू पाणी सोडणार असशील तर मी उभीच राहणार नाही. शांतपणे म्हणाली. ही ओरडते तेव्हा मला बरं वाटतं, निदान कुठे उभे आहोत ते कळतं.

म्हटलं, नाही सोडत. शब्द दिला.

रेघ थोडी बारीक केली तर तुषार निम्म्यावर येतील.

२३ नोव्हेंबर, सकाळी
आज प्रयोग.

शब्द पाळणारच. पण शब्द नक्की काय होता, याचाही विचार व्हायला हवा. पाणी सोडायचं नाही म्हणजे सारखं सोडायचं नाही. पडदा उघडताना, ती विंगेत असताना, एकदाच. एकदाला काही सोडणं म्हणत नाहीत. आणि सगळ्यांसमोर तिच्या कार्यक्रमाचं नाव शुद्ध उमटलेलं बघून ही रागावेल? मी ओळखतो हिला.

टाकीतलं पाणी हिरवट झालं होतं. सगळं उपसलं. तिच्या प्रयोगाला शिळं पाणी नको. प्लंबरने विचारलं, लगेच भरायला लावू का? म्हटलं, माझं मी बघतो, तू घरी जाऊन बरा शर्ट घालून ये. मग भ ची फट शेवटची तपासायला वर चढलो. अजून केसभर रुंद हवी.

२४ नोव्हेंबर
नीट लिहितो.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. अंधार. बटण दाबलं. पंप घुमला, पाइप खोकला आणि फुस्स. नुसती हवा. पुन्हा दाबलं. फुस्स. टाकी रिकामी. उपसली होती मी. भरायचं बघणार होतो तेही मीच. पण अशा दिवशी एका माणसाने काय काय बघायचं?

तेवढ्यात ही आली. पहिलं पाऊल टाकलं, थांबली, मग दुसरं टाकलं. मी बटण दाबतच होतो. मग तिने त्याच गुडघ्यावर सगळा भार टाकून गिरकी घेतली आणि थिएटरातलं खोकणंसुद्धा थांबलं. बटणावरचं बोट कधी निघालं, लक्षात नाही. नाच संपला तेव्हा दोन्ही हातांनी गॅलरीचा कठडा धरलेला होता.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाण्याच्या पडद्याचं कुणी विचारलं नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या प्रयोगांना पाण्याची गरज नाही.

आज सकाळी हिने स्वतः चहा करून दिला. म्हणाली, मला वाटलं होतं तू सोडणारच. विंगेत पाय उचलत नव्हता. मग पंप सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाणी आलंच नाही. मनात म्हटलं, शेवटच्या क्षणी का होईना, थांबवलंस तू. मग निघाला पाय. मेहुण्यालाही हिने तसंच सांगितलंय. त्याचा फोन आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विनोद न करता बोलला.

मी टाकीचं सांगायला तोंड उघडलं. ही म्हणाली, राहू दे, काही बोलू नकोस. डोळे पुसत होती. मग चहा प्यायलो.

नाहीतरी मी शेवटच्या क्षणी थांबणारच होतो. आता तर तसं थोडंथोडं आठवायलाही लागलंय.