लाखेच्या बटणाची वाटणी

मी रुखमाबाई, कैलासवासी सोमाजी लखारी यांची पत्नी, राहणार चांदा, पठाणपुरा दरवाज्याच्या आत, धंदा मोटारीच्या फळीवरची तुटकी बटणे व वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या चकत्या नव्याने करून देणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने सांगते आहे. दम्याने छाती भरून येते, पण डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावे. लिहिणारे नानाजी अर्जनवीस आहेत. ते मधूनमधून म्हणतात, बाई, हे कायद्यात बसत नाही. मी म्हणते, बसत नसेल तर उभे राहू द्या, पण लिहा.

कलम पहिले. राहते घर, मागची पडवी आणि पडवीतले दुकान माझ्या कमाईचे आहे. नवऱ्याकडून किंवा दिराकडून त्यात एक वीटही आलेली नाही. हे सर्व मी माझी सून इंदू हिला देते. माझा मुलगा बिरजू कुरखेड्याकडे लाख आणायला गेला आणि जंगलातला ताप घेऊन आला, त्यातच गेला. तेव्हापासून ही पोर माझ्याजवळ आहे. नानाजींनी सवयीने लिहिले होते की, "सुनेने पुन्हा लग्न न केल्यास." ती ओळ मी खोडायला लावली आहे. इंदूने पाट लावला तरी घर तिचे, नाही लावला तरी तिचेच. नवरा घरात आला तर तिच्या घरात येईल.

हे इतके स्पष्ट लिहिण्याचे कारण माझे दीर गुणवंतराव. मागच्या दिवाळीला ते ओट्यावर बसून मला म्हणाले, "वहिनी, आपल्या घरात पाट लावत नाई. पोरगी गेली तं घरही जाईन, ध्यानात ठेवजा." त्यांना घराची काळजी होती, पोरीची नव्हती, हे मला तेव्हाच कळले.

कलम दुसरे, त्यांच्याच बाबतीत. माझे यजमान वारले तेव्हा बांगड्यांचे दुकान गुणवंतरावांनी घेतले. ते म्हणाले, रांडमुंड बाईच्या हातून कोणती सवाशीण बांगड्या भरून घेईल? त्यात खोटे काही नव्हते, कोणी आलीच नसती. म्हणून मी भांडले नाही. पण बांगडीच्या मापाची लाकडी दांडी तेवढी मी लपवून ठेवली होती, ती पेटीत आहे. ती आता त्यांना द्यावी. बाकी काही देऊ नये, आणि त्यांनी मागू नये.

आता बटणांचे. यजमानांच्या दहाव्याला माझ्या हातातल्या बांगड्या काढल्या. त्या त्यांनीच केलेल्या होत्या, लाखेच्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांच्या. काच पटकन फुटते, लाख फुटत नाही. बायकांनी दगडाने ठेचून काढल्या आणि मनगट सोलले. तुकडे मी पदरात बांधले. पुढे झाडूभाऊ, म्हणजे सागाच्या ठेकेदाराचे ड्रायव्हर, ओट्याशी फोर्ड थांबवून हळहळत होते. दिव्याचे बटण तुटले होते, नवे कलकत्त्याहून यायचे, आणि ठेकेदार रोज शिव्या घालत होता. मी म्हटले, तुकडा दाखवा. शेगडीवर बांगड्यांचे तुकडे वितळवले आणि बटण करून दिले. त्याचे पिवळे ठिपके तसेच दिसत होते.

मे महिन्यात ते बटण ठेकेदाराच्या बोटाला चिकटून निघाले. चांद्याचा उन्हाळा मला माहीत नव्हता असे थोडेच, पण बंद मोटारीत तो किती चढतो हे मोटारीत न बसणाऱ्याला कुठून कळावे? मग मी आलापल्लीच्या सागाचे तुकडे आणवले. आत सागाचा गाभा, त्यात सायकलवाल्याकडचा पितळी नट, आणि वरून विटेची भुकटी मिसळलेली लाख. ती टिकली. काट्याभोवतीचे कडे म्हणजे तर बांगडीच, बांबूची कांब वाकवून लाख चढवायची. चकत्यांवरचे आकडे इंदू काढते. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यावर तिने पहिल्यांदा मराठी आकडे काढले, तेव्हा ड्रायव्हर लोक हसले. आता तेच मागतात.

ठेकेदाराच्या मुलीची वरात त्याच फोर्डमधून निघाली. समोरच्या फळीवरचे एकूणएक बटण विधवांच्या हातचे होते. नवरीने त्यातल्याच एका बटणाने दिवा लावला. कोणाला विटाळ झाला नाही, कारण कोणी विचारले नाही. याचा राग मला अजून आहे, तो कोणाला देता येत नाही म्हणून माझ्याबरोबर नेते.

कलम तिसरे. शेगडी, सांडशी, साचे आणि गिऱ्हाइके इंदूची. सोमारीबाई जंगलातून कुसुमाच्या झाडाची लाख आणते, तिच्याशी भावाची घासाघीस करू नये. पोस्टातले पैसे माझ्या मातीला लावून उरतील ते इंदूचे.

कलम चौथे. आलापल्लीच्या सागाच्या डेपोवरचा ड्रायव्हर मुखरू याच्या मोटारीची बटणे फार तुटतात. वापराने तुटलेले बटण कसे दिसते आणि पकडीने मुरगळून तोडलेले कसे दिसते, हे मला समजत नाही असे त्याला वाटते. नवे बटण मिळाले तरी तो आकड्यांची चौकशी करत पडवीत बसून राहतो, आणि इंदूच्या हातून शून्य वाकडे येते. मुखरूसाठी मी म्हशीच्या शिंगाचे बटण करून ठेवले आहे. ते त्याला द्यावे. ते तुटणार नाही, म्हणून यापुढे त्याने कारण न काढता यावे, आणि जे विचारायचे ते इंदूला तोंडाने विचारावे. तिने काय उत्तर द्यावे हे मी लिहीत नाही.

कलम पाचवे. ठेकेदाराची फोर्ड मोडीत निघाली तेव्हा झाडूभाऊंनी ते पहिले लाल बटण आठवणीने काढून आणले. "बाई, हे तुमचं हाय," म्हणाले. त्या मोटारीतले तेवढे एकच निव्वळ लाखेचे बटण, ठेकेदाराच्या बोटाला चिकटून निघाले तरी त्यांनी फळीत परत बसवून ठेवले होते. त्याची लाख मी वितळवली, सोमारीबाईची ताजी लाख मिसळली आणि दोन बांगड्या केल्या. त्या माझ्या माघारी इंदूला द्याव्या.

हे कलम रद्द. रद्द करण्याचे कारण घडले तेव्हा नानाजींनी लेखणी खाली ठेवली होती, म्हणून ते पुन्हा सांगते. वरचे कलम लिहून होते तोच इंदू चहा घेऊन आली. मी तिला हात पुढे करायला सांगितले. ती म्हणाली, "बाई, लोकं काय म्हणतीन? अन् तुमच्या हातानं?"

मी म्हटले, "माह्या हाताची बटनं सगळ्या चांद्यानं फिरवली. दे हात."

बांगड्या जरा घट्ट होत्या. शेगडीवर शेकून सैल केल्या आणि भरल्या. इंदू रडली, मीही रडले, आणि चहा गार झाला. उद्या गुणवंतराव विचारतील की विधवेच्या हातात बांगड्या कोणी भरल्या, तर हा कागद दाखवावा. मी भरल्या.

लाख वळून वळून माझ्या अंगठ्याच्या रेषा जळून गेल्या आहेत, कागदावर नुसता काळा डाग उठतो. म्हणून शेजारी गरम लाख ओतून तिच्यावर अंगठा दाबला आहे. अंगठ्यावरचा भाजल्याचा वण तिच्यात स्पष्ट दिसतो, तीच माझी सही.

निशाणी रुखमाबाई सोमाजी लखारी.

मजकूर बाईंना वाचून दाखवला, त्यांनी कबूल केला. पाचवे कलम हयातीतच पुरे झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले.

साक्षीदार: झाडू इसरू, ड्रायव्हर, चांदा.
साक्षीदार: सुकलू, सायकल दुरुस्तीवाला, चांदा.
लिहिणार: नानाजी, अर्जनवीस.

मुक्काम चांदा, तारीख १२ फेब्रुवारी १९५७.