टेप घेऊन येतोय

पलूस,
१२ मे २०२५

प्रिय नाथाजी,

सप्रेम रामराम. वहिनी, मुलं बरी असतील. इकडं ऊन लय, बाकी ठीक. लेक उत्कर्षा आता वाईला असते. तिच्या लग्नाला तू नव्हतास. घरात मी आणि टीव्ही. ३१ तारखेला कारखान्यातून निवृत्त होतोय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

आधी कामाचं. आमचं जुनं मशीन बंद होतंय आणि ऊसनोंदीची सगळी माहिती तुमच्या रहिमतपूर युनिटच्या नव्या मशीनवर जायची आहे. ती फोनच्या लाइनवरून पाठवायची की टेपवर भरून हातोहात न्यायची, हे ठरवायचं माझ्यावर आलं. आमच्या साहेब प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, "आवं काका, लाइन हाय की चांगली. टेपचं कशाला काढताय?" खरंच आहे. मी लाइनवर चाचणी घेतली. चाळीस मिनिटांत सगळं गेलं, आकडा न आकडा बरोबर. तरी अहवालात मी लिहिलं, टेपच योग्य.

लाइनला माणूस लागत नाही, म्हणून. पूर्वी पाठवून झालं की मी फोन करायचो आणि तू तिकडून ओरडायचास, "पोचलं रं गड्या!" मग गप्पा, साहेब खाकरेपर्यंत. आता पडद्यावर एक ओळ येते. ती वाचून मी एकटाच डबा उघडतो.

२०१३चा हंगाम तू विसरला नसशील. तुझ्याकडं शेतकऱ्यांची नावं नीट आली, नोंदींची संख्या जुळली, म्हणून तू पोचलं म्हणालास. पण लागणीच्या तारखा विस्कटल्या होत्या. तोडणीच्या टोळ्या भलत्याच फडात शिरल्या, कोवळा ऊस तुटला. माहिती उतरवून घेणाऱ्यानं तपासलं नाही, असा ठपका आला आणि तुला मशीनवरून उठवून वजनकाट्यावर बसवलं.

नाथाजी, तारखा तुझ्याकडं बिघडल्या नाहीत. फाइल आहे तशीच पाठव, असं मशीनला आधी सांगावं लागतं. नाहीतर ते तिला साधा मजकूर समजून बदलत जातं. त्या दिवशी उत्कर्षाला बघायला पाव्हणे येणार होते, मी घाईत होतो. ते सांगायचं राहिलं. चौकशीच्या आदल्या दिवशीच मला हे कळलं होतं. चौकशीत तू माझ्याकडं बघत होतास आणि मी मान खाली घालून बसलो. भ्यालो रं, दुसरं काही नाही.

आज हे सगळं अहवालात लिहून सही केली. टेप उतरवून घ्यायला नाथाजीच पाहिजे, हेही लिहिलं. मॅडमनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "जावा तुमी सवता घेऊन."

२२ तारखेला, गुरुवारी, सकाळच्या पॅसेंजरनं येतोय. माझं तोंड बघायचं नसेल तर फाटकावर शिपाई पाठव. त्याच्या हातात टेप देऊन परतीची गाडी धरीन, राग मानणार नाही. पण तू स्वतः आलास, तर या वेळी एकेक तारीख तपास. घाई करू नकोस, मला आता कुठं जायचं नाही. सगळं बरोबर निघालं, तरच म्हण पोचलं.

तेवढं ऐकायला येणारा,
जोतिबा